काकींची साइड

रोडपालीच्या तलावाकडे जाणाऱ्या रस्त्यावर, हातात स्टीलची थाळी धरून, मी गाडी चालवायला शिकले. थाळी म्हणजे स्टिअरिंग आणि मी म्हणजे गाडी. माझ्या मागून एक बाई तोंडानं 'पों पों' करत यायच्या. अंगावर नऊवारी, पायात पांढरे बूट, डोळ्यांवर काळा चष्मा. त्या म्हणजे मागची गाडी.

"मागची गारी कवापासून साइड मागते गो! झोपलीस का?"

मी घाईघाईनं थाळी वळवून डावीकडे सरकायची. मागची गाडी हात वर करून माझ्या उजवीकडून पुढे जायची, थांबायची, वळून म्हणायची, "इंडिकेटर कोन देनार? तुजा सासरा?" मग मी थाळी एका हातात धरून दुसऱ्या हातानं इंडिकेटर द्यायची. समोरच्या टॉवरमधली माणसं चहाचे कप घेऊन गॅलरीत उभी असत. आमची शिकवणी संपल्याशिवाय त्यांचा चहा संपत नसे.

काकी आमच्या घरमालकीण. रोडपालीत आता सेक्टर झालेत, टॉवर झालेत, पण मधलं जुनं गाव आपल्या जागी आहे. तिथं काकींचं घर, घराला लागून भाड्याच्या जुन्या दुमजली खोल्या, त्यातली वरची आमची, आणि अंगणात पांढरी गाडी, जिच्या टपावर 'मोटार ट्रेनिंग' अशी पाटी. जमिनी नव्या शहरात गेल्या तेव्हा भावकीतल्या लोकांनी घरांवर मजले चढवले. काकींनी गाडी घेतली. त्यांचा नवरा टेम्पो चालवायचा, त्याच्याकडून त्या शिकलेल्या. नवरा गेला, टेम्पोही गेला. "हात बसलेला व्हता," त्या सांगायच्या, "तेला उगी कशाला घरात बसवून ठेवू?"

आम्ही खोली बघायला आलो तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो भाड्याचा नव्हता, जातीचा नव्हता. "कनच्या साइडची तू?"

मी म्हटलं, "यवतमाळ. पुसदच्या पुढे."

"बाय, लांबची साइड हाय. मंग जेवून घे पयली." आणि खोली बघायच्या आधी आमच्यासमोर तांदळाची भाकरी आणि बोंबलाचं कालवण आलं. बोंबील मी आयुष्यात पाहिला नव्हता. वासच नको झाला. पण एवढ्या लांब येऊन कुणीतरी न विचारता वाढलंय, म्हणून डोळे मिटून खाल्लं. काकींना ते दिसलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी आमच्या दारात वांगी आणून ठेवली. "तुमच्या साइडला ही खातात ना?"

माझं शिक्षण आठवीपर्यंत. माझ्या माहेरच्या गावात पुढची शाळा नव्हती, आणि शेजारच्या गावी जायचं तर मधे नाला. पावसाळ्यात पूर आला की पोरी घरी. एकदा घरी बसले ती बसलेच. तेव्हापासून मला वाहत्या गोष्टींची भीती आहे. पाण्याची, गर्दीची, आणि इथं आल्यावर रस्त्याची. नवरा कळंबोलीच्या लोखंड बाजारात क्रेनवर. तो निघाला की मी गॅसचं बटण बघायची, कडी बघायची, परत गॅसचं बटण बघायची. काकी खालून ओरडायच्या, "गॅस बंद हाय गो! मी वास घेतलाय!"

तर अशा बाईला गाडी शिकायची वेळ का आली ते सांगते.

मुलगी दुसरीत होती. तिची शाळा आधी चालत जाण्याजोगी होती. मग शाळेनं नवी इमारत बांधली, हायवेच्या पलीकडे. सकाळच्या वेळी तिथनं ट्रेलर असे जातात की जमीन हलते. जो व्हॅनवाला पोरांना न्यायचा, त्यानं काम सोडलं. बसचा काही नेम नाही, रिक्षा रोज परवडणारी नाही. नवऱ्याची पाळी पहाटेपासून. काही दिवस मीच तिला हाताला धरून हायवे ओलांडला आणि दर वेळी पलीकडे पोचल्यावरही तिचं मनगट मी सोडायची नाही. पोरगी माझ्याकडे बघायची. माझी भीती तिच्या डोळ्यांत उतरताना मला दिसायची.

एका संध्याकाळी नवरा म्हणाला, "तिला गावी ठेवू. आईजवळ. शाळा दारात आहे तिथं."

"चौथीपर्यंतच आहे."

"पुढचं पुढे बघू."

पुढचं पुढे बघू, असंच माझ्या बापानं म्हटलं होतं. मी भांडी घासायला लागले. आमच्या खोलीतलं सगळं खाली ऐकू जायचं. काकी जिना चढून वर आल्या, दारात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मी कोनाचीच साइड घेत नाय हां." मग आत येऊन माझ्या बाजूला मांडी घालून बसल्या आणि नवऱ्याकडे बघत राहिल्या. नुसत्या बघत राहिल्या. शेवटी तोच म्हणाला, "काकी, मी काय वाईट म्हणतोय का?"

"नाय रं. तू कशाला वाईट? तू दमलास." मग माझ्याकडे वळून, "माजी गारी सकाली उभीच आसते. शिकनारी पोरं आठच्या पुढं येतात. तू लायसन काड. पोरीला सोर शालंत, गारी आनून ठेव अंगनात."

मला वाटलं चेष्टा चालली आहे. "काकी, मला सायकल येत नाही."

"बरा हाय. मंग मोडायला जुनी सवय नाय."

नवरा हसला. पण हसून झाल्यावर म्हणाला, "शाळा जूनला उघडेल. तोवर जमलं तर बघू. नाहीतर तिचं नाव गावच्या शाळेत घालू." तसं ठरलं. गावी सासूबाईंना कळवूनही टाकलं. त्यांनी तिकडे मास्तरांशी बोलून ठेवलं, नातीसाठी उन्हाळ्यातच गोधडी शिवायला घेतली. म्हणजे मला शिकायचं होतं आणि लवकर शिकायचं होतं.

पण काकींकडे लवकर असं काही नव्हतंच. आधी थाळी. कुणीही येवो, थाळीशिवाय गाडीला हात लावायला मिळायचा नाही. टॉवरमधले एक साहेब आले होते, कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. ते म्हणाले, "मॅडम, मी डायरेक्ट गाडीवरच बसतो." काकी म्हणाल्या, "बसा की. माज्या नाय, दुसरीकरं." ते गेले. चार-सहा दिवसांनी परत आले, स्वतःच्या घरची थाळी घेऊन. मी आणि ते, पुढे-मागे, दोन गाड्या. मला त्यांची लाज वाटायची, त्यांना माझी. नंतर आम्ही इतके सवयीचे झालो की ते मला हॉर्न द्यायचे.

काकींचं म्हणणं असं, की माणूस रस्त्यावर पायी कसा चालतो त्यावरून तो गाडी कशी चालवणार ते कळतं. जो पायी धक्का मारून जातो तो चाकावर बसून काय करेल? म्हणून आधी पायांनी साइड द्यायला शिका. त्या स्वतः घरातही तशाच वागायच्या. स्वयंपाकघरातून बाहेर पडताना उजवा हात काढून वळायच्या. गल्लीत समोरून म्हैस आली तर तिलाही हातानं 'ये, तू आधी' अशी खूण करायच्या. म्हैस जायची. काकी म्हणायच्या, "बग, तिला कलला."

आणि तो एक शब्द. माझ्या मुलीनं एकदा पुस्तकातून वाचून दाखवलं, चौकोनाला चार साइड असतात. काकी लाटणं थांबवून म्हणाल्या, "चारच?" त्यांना खरंच वाईट वाटलं चौकोनाचं. कारण त्यांच्याकडे या एका इंग्रजी शब्दानं सगळं घर चालायचं. कढई साइडला घे. पोरगा साइडवर गेलाय, म्हणजे बिल्डिंगच्या कामावर. गाडी शिकवणं हा धंदा, सुकट विकणं हा साइडचा धंदा. टीव्हीवरच्या मालिकेत सासू सुनेला टाकून बोलली की त्या पडद्याला सांगायच्या, "तिला पन साइड दे ना जरा." गल्लीतलं कुणी न सांगता लग्न करून आलं तर "राँग साइडनं आली, पन गारी बरी चालवते." भांग मधे पाडलेली मुलगी त्यांना आवडायची नाही, साइडचा भांग म्हणजे मोकळी मुलगी. का, ते मला कधी कळलं नाही. डॉक्टरांनी रक्तदाबाची गोळी देताना सांगितलं, थोडा साइड इफेक्ट होईल. काकींनी विचारलं, "कनच्या साइडला?" डॉक्टर हसले. काकी हसल्या नाहीत. घरी येऊन त्या रात्रभर उजव्या कुशीवर झोपल्या, म्हणे डावी साइड मोकळी असलेली बरी.

आमच्या गल्लीत एकाची हळद होती. आगरी लोकांची हळद म्हणजे लग्नाहून मोठी. मांडवात पाय ठेवायला जागा नाही. काकी डाळीचा मोठा टोप घेऊन निघाल्या. "साइड! साइड!" वाटेत पांढऱ्या कपड्यांतला कुणी पुढारी उभा होता, भोवती त्याची माणसं. कुणी हलेना. काकी त्याच्या अगदी मागे जाऊन म्हणाल्या, "शेठ, मी तुमाला एकदाच सांगते. माजा ब्रेक बरा हाय, पन डाल गरम हाय." शेठ इतके चटकन सरकले की त्यांची चप्पल तिथंच राहिली. काकी टोप ठेवून परत आल्या, ती चप्पल उचलली, त्यांना नेऊन दिली आणि पायाशी ठेवताना म्हणाल्या, "साइड दिलीत, बरा केला." उपकाराची जाणीव त्यांना फार. फक्त स्वतःवरचे उपकार त्या मोजायच्या, दुसऱ्यावर केलेले नाही. मी थँक्यू म्हटलं की चिडायच्या. "तुजा थँक्यू ठेव साइडला. क्लच दाब."

हो, क्लच. थाळीवरून शेवटी मी गाडीत बसले. पहिल्या दिवशी सीटवर बसून चावी फिरवली तर माझ्या हातून गाडी चालू झाली याचंच मला रडू आलं. काकी शेजारी बसून शेंगदाणे खात होत्या. "रडून घे. वायपर लागला तर सांग." पण खरं सांगते, त्यांनी माझ्यावर आवाज चढवला तो फक्त पायी चालताना. गाडीत त्या हळू बोलायच्या. गाडीत माणूस घाबरलेला असतो, त्याला आधीच इंजिनचा आवाज पुरे, असं म्हणायच्या.

मी साइड द्यायला इतकी पटकन शिकले की काकी इतरांना माझं उदाहरण द्यायच्या. आरशात काही दिसलं की मी डावीकडे. रिक्षा, डावीकडे. सायकल, डावीकडे. एकदा एक कुत्रं मागून पळत आलं त्यालाही मी साइड दिली. टॉवरमधले साहेब म्हणाले, "अहो, तुम्ही पुढे कधी जाणार?" मी म्हटलं, "जाऊ दे ना, त्यांना घाई असेल."

मग टेस्टचा दिवस आला. मैदानात दांडे रोवून वाट आखली होती. काकी बाहेर झाडाखाली. पुढे जाण्याचं सगळं नीट झालं. मग टेस्ट घेणारे साहेब म्हणाले, "आता रिव्हर्स घ्या."

मी आरशात बघितलं. लांब मागे एक टेम्पो होता, छोटासा दिसत होता. मी गिअर टाकला, हळूच पाय उचलला. टेम्पो मोठा व्हायला लागला. आणखी मोठा. तो येत होता! माझ्या अंगात काकींचं शिकवणं भिनलेलं. मी स्टिअरिंग फिरवलं, गाडी वाटेबाहेर काढली, एक दांडा आडवा केला, गाडी बाजूला नेऊन उभी केली आणि खिडकीतून हात काढून खूण केली, जा, जा.

टेम्पो जाईना. मी परत हात हलवला.

साहेब खिडकीशी आले. "ताई, काय करताय?"

"साइड देतेय."

"कुणाला?"

"त्या टेम्पोला. मागून येत होता ना."

त्यांनी टेम्पोकडे बघितलं. टेम्पोत कुणीच नव्हतं. ड्रायव्हर पलीकडे सावलीत वडापाव खात होता. साहेब भला माणूस, हसू दाबत म्हणाले, "तो येत नव्हता, ताई. तुम्ही जात होतात." आणि मग, "हात चांगला आहे तुमचा. पुन्हा या."

मी बाहेर येऊन काकींना सगळं सांगितलं. त्या कठड्यावर बसल्या आणि हसायला लागल्या. काळा चष्मा काढून, पदरानं डोळे पुसत, गुडघ्यावर हात मारत हसल्या. मीही हसले आणि हसता हसता रडायला लागले. कारण घरी पिशवी भरून झाली होती. नवऱ्यानं मुलीचे कपडे, तिची वह्या-पुस्तकं, तिचा पाण्याचा डबा, सगळं बांधून ठेवलं होतं. आठवड्यानं गावाकडचा एक ओळखीचा माणूस निघणार होता, त्याच्यासोबत तिला पाठवायचं चाललं होतं.

काकी हसायच्या थांबल्या. चष्मा परत डोळ्यांवर चढवला. मग म्हणाल्या, "माजाच चुकला. तुला साइड द्यायला मी कशाला शिकवली? ती तं तू घरनंच शिकून आलेलीस."

रविवारी सकाळी त्यांनी मला उठवलं आणि गाडीत बसवलं. कुठे जायचं ते सांगितलं नाही. कळंबोलीच्या सर्कलवरून वळायला लावलं आणि माझ्या लक्षात आलं, हा न्हावा शेव्याच्या बंदराचा रस्ता. ज्या ट्रेलरांच्या भीतीनं पोरीची शाळा सुटायची वेळ आली होती, त्यांच्याच रांगेत मी शिरले होते. पुढे एक ट्रेलर, वर निळा कंटेनर, त्यापलीकडे जग नाहीच. मी त्याच्या मागोमाग निघाले. तो हळू, मी हळू. तो आणखी हळू, मीही.

काकी शेंगा सोलत होत्या. पुष्कळ वेळानं म्हणाल्या, "तेच्या मागं मागं बोटीत बसायचा हाय काय?"

"काकी, तो कामात आहे."

"आनि तू पिकनिकला आलीस?"

"देईल तो आपणहून साइड."

"कशाला देल? तेला काय म्हाईत, मागं कोन हाय. साइड माग."

मी हॉर्नला बोट लावलं. निघाला एक आवाज.

"हॉर्न व्हता का शिंक?"

मी परत वाजवला. ट्रेलरला काही फरक पडला नाही. मला घाम फुटला होता. म्हटलं, "काकी, त्याला राग येईल."

"हॉर्न म्हंजे शिवी नाय गो. हॉर्न म्हंजे नमस्कार. वाकून कर, पन आईकू येल असा कर."

मी तळहात दाबला. मोठा, लांब, भरदार हॉर्न वाजला. माझाच, पण मला कुणा दुसऱ्याचा वाटला. आणि पुढच्या ट्रेलरच्या खिडकीतून एक हात बाहेर आला. मनगटात स्टीलचं कडं. त्या हातानं हवेत दोनदा पुढे खूण केली, ये, जा. एवढा मोठा डोंगर थोडा डावीकडे झाला. मी उजवीकडे घेतली, पाय दाबला, त्याची चाकं माझ्या खिडकीशी आली, गेली, मग त्याचं तोंड दिसलं. कोवळं पोरगं होतं, डोळ्यांत झोप, ओठांत बिडी. त्यानं माझ्याकडे बघून मान हलवली, जशी गावात ओळखीचा माणूस हलवतो.

मी मोठ्यानं म्हटलं, "थँक्यू, दादा!"

"गेला तो मागं," काकी म्हणाल्या. "आता पुढचा बग. तो पिवला."

त्या सकाळी मी किती ट्रेलरांना साइड मागितली कोण जाणे. काहींनी दिली, काहींनी नाही दिली. ज्यांनी नाही दिली त्यांच्या मागे आम्ही शेंगा खात राहिलो आणि पुन्हा मागितली. करंजाडेच्या बाजूनं परत फिरताना माझ्या लक्षात आलं की मी घरून निघताना गॅसचं बटण बघितलंच नव्हतं. काकींना सांगितलं. "मी बगितलाय," त्या म्हणाल्या.

गावचा तो माणूस निघायच्या आधीच पुन्हा टेस्ट झाली. या खेपेला रिव्हर्समध्ये दुसरीच कुठली तरी जीप आरशात मोठी व्हायला लागली. मी मोठ्यानं स्वतःलाच सांगितलं, "ती येत नाही, मी जातेय." साहेबांनी ऐकलं बहुतेक. त्यांनी वर बघितलं नाही, नुसते लिहीत राहिले. पास झाले.

त्या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. आम्ही कळंबोलीत स्वतःच्या खोलीत राहतो. मी एका दवाखान्याची गाडी चालवते, म्हाताऱ्या माणसांना आणते, सोडते. मुलगी दहावीला आहे आणि मला इंग्रजीतल्या चुका दाखवते. काकींचे गुडघे गेलेत, शिकवणी बंद झाली. पाटी अजून गाडीवर आहे, काढायला त्या देत नाहीत. मी दर रविवारी जाते. त्या खाटेवर बसून रस्ता बघतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला गुण देतात. "हा नापास. ही पास. हा बग, कसा वलला, तेच्या मास्तरला बोलाव." मी काही नेलं की म्हणतात, ठेव साइडला. माझ्याकडे बघतात आणि म्हणतात, "जाडी झालीस. बरा हाय." मला त्यांचे उपकार कसे फेडावेत ते कळत नाही, आणि फेडायचा विषय काढला की त्या टीव्ही मोठा करतात.

पण मला सांगायचं होतं ते फोनचं. पास झाले त्या संध्याकाळी गावाहून फोन आला. नेहमी नवराच बोलायचा, मी मागे उभी राहून 'मी विचारलंय म्हणून सांगा' एवढंच. त्या दिवशी तो आंघोळीला गेला होता. मी फोन घेतला.

सासूबाई म्हणाल्या, "मंग कवा धाडता व पोरीले? मास्तर इचारून राह्यला."

खाली काकींचा पाण्याचा नळ बंद झाल्याचं मला ऐकू आलं. त्या ऐकत होत्या. मी म्हटलं, "आई, नाही पाठवत तिला. इथंच शिकेल. मी सोडीन रोज."

"कशानं सोडशीन?"

"गाडीनं. मला येते आता चालवायला. लायसन निघालं."

मला वाटलं, झालं, आता फोन ठेवतील, मग मुलाला बोलतील. पण माझ्या तोंडून 'चुकलं' आलं नाही.

सासूबाई म्हणाल्या, "खरंच चालवतं का तू?"

"हो."

"मंग मले घ्याले येशीन का? गोधडी तं शिवून झाली. पोरीले मीच आणून देतो."

त्या आयुष्यात पुसदच्या पलीकडे गेल्या नव्हत्या. बसनं, रात्रभर, एकट्या आल्या. सकाळी कळंबोलीच्या सर्कलला उतरल्या तेव्हा मी आणि काकी गाडी घेऊन उभ्या होतो. काकींनी खास लग्नातली नऊवारी नेसली होती, बूट तेच. सासूबाई डोक्यावर गाठोडं घेऊन गाडीभोवती एक चक्कर मारून आल्या. पाटी वाचता येत नव्हती तरी तिच्याकडे बघितलं. मग माझ्याकडे. काकी पुढच्या सीटवरून उतरल्या, दार उघडून धरलं आणि म्हणाल्या, "बसा, विहीनबाय. पुडं बसा."

विहीणबाई. मी स्टिअरिंगकडे बघत राहिले, कारण दुसरीकडे बघणं मला जमलं नसतं. काकी मागे जाऊन बसल्या.

सासूबाई पुढे बसल्या, गाठोडं मांडीवर, पाठ ताठ. मी गाडी चालू केली. त्यांनी खाली वाकून बघितलं, पाय उचलून धरले आणि घाबऱ्या आवाजात विचारलं, "हे काय व लोखंडाचं, पायाखाली?"

मी काही बोलायच्या आत मागून काकी म्हणाल्या, "ब्रेक हाय तो. नवीन पोरी शिकतात ना, मंग शेजारच्या मानसाला पन लागतो. तुमी पाय खुशाल खाली ठेवा, विहीनबाय. नका दाबू. हिच्या गारीला आता तेची गरज नाय."